गावरान बियाण्यांचे जवळून फोटो काढायचे आहेत, लेन्स घ्यावा की आधी लाईटचं पाहावं?

बरबटीचा_वेल (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून राहिली, कारण अर्धवट सांगितलं तं उत्तर पण अर्धवटच येते. आमच्या बचत गटानं गावरान बियाणं जमा करणं सुरू केलं आहे. ज्वारीचे काही प्रकार, त्यात हुरड्याची वाणी वेगळी, लाल तूर, पांढरी तूर, बरबटी (चवळी), पोपट (वाल), जवस, तीळ, अंबाडी, राजगिरा. सोयाबीन आल्यापासून आमच्याकडे ज्वारीचं वावर शोधावं लागते, ज्या म्हाताऱ्या बायांनी राख घालून मूठ-दोन मुठी बियाणं घरात जपलं त्यांच्याकडूनच हे आलं आहे. त्या बाया दाणा तळहातावर घेतात, बोटानं फिरवतात अन् सांगून देतात की ही कोणती ज्वारी. आमच्या वयाच्या बायांना ते ओळखू येत नाही. म्हणून ठरवलं की प्रत्येक बियाण्याचे जवळून फोटो काढायचे, एक बरणीवर लावायचा अन् बाकी वहीत, बरबटीच्या डोळ्याभोवतीचं काळं कडं, तुरीवरचे ठिपके, ज्वारीच्या दाण्याला चिकटलेलं तूस हे सगळं साफ दिसलं पाहिजे.

भावाचा निकॉन डी ५३०० आहे, त्याच्यासोबत आलेला जुना १८-५५ लेन्स. कितीही जवळ नेला तरी दाणा फोटोत बारीकच येते, अन् मोठा करून पाहिला की फुटते. दुसरी गोष्ट रंगाची. संध्याकाळी ट्यूबलाईटखाली काढलेली लाल तूर हिरवट येते, बल्बखाली केशरी येते, दुपारी ओसरीत काढली तं तिसराच रंग, मग दोन तुरी शेजारी ठेवून फरक कसा दाखवायचा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला तं लेन्सचीच सावली दाण्यावर पडते. जवसाचं तं विचारूच नका, नुसती चमक.

गटाकडून दहा हजारापर्यंत खर्च करता येईन. नागपूरच्या एका दुकानात विचारलं तं त्यांनी सरळ मॅक्रो (अगदी जवळून मोठं चित्र घेणारा) लेन्स सांगितला, त्याची किंमत आमच्या बजेटच्या कितीतरी वर. लाईट पण गावात दिवसातून केव्हाही जाते. तं सांगा, आधी काय घ्यावं? फोनवर होईन का? घरचं काय काय वापरता येईन?

काळीमाती_स्टुडिओ (वर्धा जिल्हा)

ताई, फार चांगलं काम करून राहिल्या तुम्ही. आधी हिशेब करू, खरेदी मागून.

डी ५३०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद आहे अन् त्या रुंदीत ६००० पिक्सेल. तुमचा किट लेन्स ५५ वर ठेवून अगदी जवळ नेला तं वस्तूचं चित्र सेन्सरवर खऱ्या मापाच्या एक तृतीयांशाच्या आसपास पडते. ज्वारीचा दाणा ४ मिमी धरा, म्हंजे त्याला मिळाले साधारण ३४० पिक्सेल. आता बरणीवरच्या चिठ्ठीसाठी हे पुरते बरं का, ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापला तं दाणा इंचापेक्षा थोडा मोठा येईन. वहीसाठी मात्र कमी आहे. मॅक्रोवाले जे १:१ म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की ४ मिमीचा दाणा सेन्सरवर ४ मिमीचाच पडला, मग त्याला हजारावर पिक्सेल मिळतात अन् तुसाची शीर न शीर दिसते. म्हणून तुम्हाला १:१ च्या आसपास जायचं आहे, त्यासाठी महागडा लेन्सच पाहिजे असं काही नाही.

एक्स्टेंशन ट्यूब पाहा. कॅमेरा अन् लेन्सच्या मधात बसवायच्या पोकळ नळ्या, आत काच वगैरे काही नाही, लेन्स सेन्सरपासून दूर गेला की तो जास्त जवळचं पाहू शकते एवढंच. १२, २० अन् ३६ मिमी अशा तीन नळ्यांचा संच येते. हिशेब सोपा, नळीची लांबी भागिले लेन्सचं फोकल लेन्थ, तेवढं मोठेपण वाढते. ५० मिमीच्या लेन्सला ३६ ची नळी लावली तं ०.७२ वाढले, लेन्सचे स्वतःचे ०.१५, झाले ०.८७, म्हंजे जवळपास १:१ च समजा.

पण घेताना एक गोष्ट नीट पाहजा. तुमच्या १८-५५ ला ॲपर्चरची (लेन्सच्या आतलं उजेडाचं भोक लहान-मोठं करायची) रिंग नाही. साधी स्वस्तातली नळी लावली की त्याचं ॲपर्चर पुरं बंद राहते अन् व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार. म्हणून एक तं कॉन्टॅक्ट अन् आतला लिव्हर दोन्ही असलेली नळी घ्या, ती दोन-तीन हजारापर्यंत मिळून जाते, नाही तं जुना ५० मिमी एफ १.८ डी लेन्स सेकंडहँड घ्या, त्याला रिंग असते, मग साधी नळी पण चालते. साध्या नळीवर हा कॅमेरा मीटर दाखवत नाही, मोड एम वर ठेवायचा, एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेड कमी का जास्त ते दाखवणारा आलेख) पाहायचा अन् शटर कमी-जास्त करायचं. ऑटोफोकस पण नाही, पण एवढ्या जवळून ऑटोफोकस तसाही कामाचा नाही, लाईव्ह व्ह्यूमध्ये चित्र मोठं करून हातानंच फोकस करावा लागते.

राजगिऱ्यासाठी वेगळं. तो दाणा मिलिमीटरभराचा, १:१ नं पण अडीचशे पिक्सेलच मिळतील. त्याला लेन्स उलटा लावायची रिंग येते, फार स्वस्त वस्तू आहे. लेन्स जेवढा वाईड तेवढा उलटा लावल्यावर दाणा मोठा, २८ मिमीचा जुना रिंगवाला लेन्स उलटा केला की दुपटीच्या आसपास जाते. फक्त लेन्सची मागची बाजू उघडी पडते, तिथं बोट अन् धूळ लागू देऊ नका.

अन् स्टँड. ट्रायपॉडचे पाय दाण्याच्या आजूबाजूला अडथळा करतात, त्यापेक्षा कॅमेरा सरळ खाली पाहीन असा उभा खांब पाहिजे. तालुक्याच्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा, ब्लॅक अँड व्हाईटच्या काळातले एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र) अजून माळ्यावर पडून असतात, त्याचा पाट अन् खांब म्हंजे तयार कॉपी स्टँड, वरचं मुंडकं काढून कॅमेऱ्याचा स्क्रू बसवून घ्यायचा. नाही मिळाला तं वेल्डिंगवाल्याकडून चौकोनी पाइपचा बनवून घ्या, पाया जड पाहिजे. डी ५३०० चा स्क्रीन बाहेर वळते, त्यामुळे स्टुलावर चढून मान मोडायची गरज नाही.

अंबाडी_भाकर (अकोला)

मी कृषी विद्यापीठात शिकून राहिलो, आमच्याकडे बियाण्यांचे फोटो नेहमीच लागतात म्हणून दोन शब्द.

फोनवर होते ताई, पण फोनमधला जो मॅक्रो नावाचा वेगळा कॅमेरा असते ना, दोन मेगापिक्सेलवाला, तो सोडून द्या. मेन कॅमेरा वापरा अन् त्याच्यासमोर दहा एक्सचं भिंग धरा, जे सोनाराकडे असते, आम्ही पानावरचे फुलकिडे, कोळी पाहायला तेच वापरतो. भिंग लेन्सला अगदी चिकटवून रबरबँडनं बसवा, स्क्रीनवर बोट दाबून फोकस अन् एक्स्पोजर लॉक करा, दोन सेकंदाचा टायमर लावा. मधला भाग बराच साफ येते, कडा फिक्या अन् वाकड्या येतात, म्हणून दाणा मधात घ्यायचा. गटातल्या ज्या बायांकडे कॅमेरा नाही त्या गावोगावी फिरताना असे फोटो पाठवू शकतील, पक्क्या नोंदीसाठी मात्र कॅमेराच ठेवा.

माझं म्हणणं दुसऱ्याच गोष्टीवर आहे. फोटो कितीही सुंदर असला अन् त्यात माप नसलं तं तो नोंद म्हणून कच्चाच. मिलिमीटरच्या ग्राफ पेपरची पट्टी कापून दाण्याशेजारी ठेवा, प्रत्येक फोटोत, एकही सोडू नका. अन् ती पट्टी खाली टेबलावर नाही ठेवायची, दाण्याच्या मधल्या उंचीवर ठेवायची, पुठ्ठ्याचा तुकडा खाली देऊन. जवळून फोटो काढताना दोन-तीन मिमीचा उंचीफरक पण मापात दिसून येते, पट्टी खाली राहिली की ती दूर पडते, बारीक दिसते अन् दाणा आहे त्याहून मोठा वाटते.

एक दाणा एकाच बाजूनं दाखवू नका. तुरीचे, बरबटीचे तीन फोटो पाहिजेत, आडवा, डोळ्याच्या बाजूनं अन् पाठीमागून. दाणा उभा राहत नाही म्हणून पोरांची रंगीत माती असते त्याचा ज्वारीएवढा गोळा खाली लावा, दिसत नाही अन् दाणा पण खराब होत नाही. शिवाय एका फोटोत दहा-वीस दाणे एकत्र घ्या, कारण गावरान बियाण्यात दाण्या-दाण्यात फरक असतेच, एकच देखणा दाणा निवडून फोटो काढला तं खोटी ओळख तयार होईन. सोबत शंभर दाण्यांचं वजन लिहा, सोनाराच्या काट्यावर करून मिळते. शेतकऱ्याला आपलं वाण २००१ च्या पीक वाण संरक्षण अन् शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदवता येते हे तुम्हाला माहीत असेलच, तिथं पण दाण्याचा रंग, आकार, माप हेच विचारतात, तं आताच नीट करून ठेवलेलं पुढं कामात येईन.

बरबटीचा_वेल

दोघांचे खूप आभार. मापाच्या पट्टीची उंची हे तं डोक्यातच आलं नसतं. स्टँडचं समजलं, एन्लार्जरसाठी उद्याच दिग्रसला विचारायला लावते. पण उजेडाचं कोणीतरी नीट सांगा ना. ट्यूब का बल्ब, किती, कुठं ठेवायचे. जवसाची चमक कशी मारायची. अन् लाईट गेली तं मधातच काम सोडून द्यायचं का.

इरईकाठ (चंद्रपूर जिल्हा)

नमस्कार ताई. मी सराफांच्या दुकानासाठी बारीक दागिन्यांचे फोटो काढतो, नथी, मणी, जोडवी, त्यामुळे चमकणाऱ्या बारीक वस्तूंशी रोजचंच काम आहे. माझं मत विचाराल तं तुमच्या दहा हजारातले पहिले पैसे उजेडावर लावा, नळी-लेन्स त्यानंतर. वरती तुम्ही ज्या तक्रारी सांगितल्या त्यातल्या निम्म्याच्या वर लेन्सच्या नाहीतच, उजेडाच्या आहेत.

रंगाचं पहिलं. दोन प्रकारचे उजेड एकत्र येऊ द्यायचे नाहीत. खिडकी उघडी अन् बल्ब पण चालू असं केलं की दाण्याची एक बाजू निळी, दुसरी पिवळी, ते मग कॉम्प्युटरवर पण नीट होत नाही. खोली अंधारी करा अन् फक्त तुमचेच दिवे ठेवा. एलईडी बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याच्या वर लिहिलं आहे का पाहा, साध्या बल्बवर ८० असते नाही तं काहीच लिहिलेलं नसते, अन् कमी सीआरआयच्या उजेडात लाल-तपकिरी रंगच आधी बिघडतात, म्हंजे नेमकी तुमची तूर. दोन्ही दिवे एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले घ्या. मग ग्रे कार्ड (रंगाची छटा नसलेलं राखाडी कार्ड) दाण्याच्या जागी ठेवून कॅमेऱ्यात प्रीसेट व्हाईट बॅलन्स घ्या, म्हंजे त्या उजेडात खरा रंग कोणता हे कॅमेऱ्याला समजते. कोरा पांढरा कागद त्याच्याऐवजी नका वापरू, कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जे घालतात त्यानं कागद निळसर दिसू शकते अन् मग फोटोचा रंग पिवळसर झुकू शकते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा, ती उघडायला डार्कटेबल नाही तं रॉथेरपी फुकट मिळते, पहिल्या फोटोचा रंग बसवला की तोच सगळ्यांना लावून देता येते.

ट्यूबखाली कधी पट्टे येतात, कधी फोटो काळा-उजळ येते, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब अन् स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. स्टँडवर कॅमेरा असला तं शटर १/२५ किंवा त्याहून हळू ठेवा, आयएसओ १००, हा त्रास राहत नाही. मात्र पंखा बंद, दार लोटलेलं, अन् शेजारी पिठाची चक्की चालू असन तं ती बंद होईपर्यंत थांबा, त्याची थरथर जमिनीतून स्टँडवर येते अन् १:१ ला ती साफ दिसते. बटण बोटानं दाबायचं नाही, वायर रिमोट नाही तं टायमर.

आता उजेड कसा द्यायचा. उघडा बल्ब दाण्यावर मारला की एक पांढरा ठिपका अन् एक काळी सावली, मधलं सगळं मरते. बल्ब अन् दाणा यांच्या मधात बटर पेपर नाही तं ट्रेसिंग पेपर पाहिजे, अन् तो दाण्याच्या जवळ, बल्बच्या जवळ नाही. लोकं बल्बलाच कागद गुंडाळतात, त्यानं उजेड फक्त कमी होते, मऊ होत नाही. कागद दाण्याच्या जेवढा जवळ अन् दाण्याच्या मानानं जेवढा मोठा तेवढी सावली मऊ. मी काय करतो, ट्रेसिंग पेपरची वीतभर उंच गोल नळी करतो, दाणा मधोमध, कॅमेरा वरून, अन् बाहेरून दोन टेबल लॅम्प. दोन्ही सारखे ठेवले तं दाणा चपटा दिसते म्हणून एक जवळ अन् एक दुप्पट दूर ठेवायचा. अंबाडीच्या बीवरचा खरखरीतपणा दाखवायचा असला तं जवळचा दिवा खाली उतरवा, जवळजवळ टेबलाच्या पातळीला, म्हंजे उजेड दाण्यावरून सरकत जाईन अन् बारीक उंचवटे उठून दिसतील.

खालच्या सावलीसाठी दाणा काचेवर ठेवा. फोटो फ्रेमची काच, चार वाट्यांवर उचललेली, अन् तिच्या खाली वीतभर अंतरावर राखाडी कार्डशीट. सावली काचेतून खाली निघून जाते, पार्श्वभूमी एकसारखी येते. सगळ्या बियाण्यांना तोच राखाडी रंग ठेवा, ज्वारीला काळा, जवसाला पांढरा असं बदलत बसलं की डोळ्याला दाण्याचाच रंग बदलल्यासारखा वाटते अन् तुलना जाते.

जवसाचं. चमक मारायची असली तं पोलरायझिंग फिल्मची शीट ऑनलाईन मिळते, तिचा तुकडा दिव्यासमोर, ट्रेसिंग पेपर अन् दाण्याच्या मधात लावायचा, अन् लेन्सवर सीपीएल फिल्टर (गोल फिरणारा पोलरायझर). फिल्टर हळूहळू फिरवत जा, एका जागी चमक एकदम विझते अन् खालचा तांबूस रंग वर येते, पाहण्यासारखं असते ते. उजेड फार कमी होते, शटर अजून हळू करावं लागते, पण स्टँड आहेच. मात्र जवसाचा एक फोटो चमकीसकट पण काढजा. पावसात भिजलेल्या जवसाची चमक जाते, म्हणून चमक ही पण त्या दाण्याची नोंद आहे, नुसता त्रास नाही.

लाईट जाण्याचं. सेलवर चालणारा मॅन्युअल फ्लॅश सेकंडहँड दोन-तीन हजारात मिळून जातो, चार पेन्सिल सेल लागतात. तो कॅमेऱ्यावर नाही, बाजूला ठेवायचा, त्याच ट्रेसिंग पेपरच्या बाहेर. त्यात स्लेव्ह मोड असला की तुमच्या कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलला १/३२ वर ठेवून त्याच्या झपक्यानं तो पेटते, कॅमेऱ्याच्या फ्लॅशसमोर पुठ्ठा आडवा धरा म्हंजे त्याचा उजेड दाण्यावर येणार नाही. शटर १/२०० च्या वर नेऊ नका. फ्लॅशचा झपका एवढा छोटा असते की थरथर पण गोठून जाते, चक्की चालू असली तरी चालते.

चिन्नोरचा_घमघमाट (भंडारा जिल्हा)

एक वेगळाच रस्ता सांगतो, कॅमेरा बाजूला ठेवून. फ्लॅटबेड स्कॅनर. आम्ही धानाच्या जुन्या वाणांच्या नोंदी करतो, चिन्नोर आहे, बाकी पण आहेत, अन् उतेऱ्यात, म्हंजे उभ्या धानात टाकतात ती लाखोळी, सगळं स्कॅनरवर घेतो.

याच्यात फायदा काय की उजेड दरवेळी तोच, अंतर दरवेळी तेच, माप आपोआप. १२०० डीपीआयला एका इंचात १२०० पिक्सेल, म्हंजे ४ मिमीच्या दाण्याला १९० च्या आसपास, २४०० ला ३८० च्या आसपास. त्याच्या वरचे आकडे खोक्यावर लिहिलेले असतात ते बहुतेक सॉफ्टवेअरनं फुगवलेले, त्यांच्या मागं लागू नका. एका वेळी शंभर दाणे पसरवा, चित्र इमेजजे नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, प्रत्येक दाण्याची लांबी-रुंदी मोजून मिळते. धानात लांबी-रुंदीवरच तं वाणाची अर्धी ओळख आहे.

पण स्कॅनर कोणता हे महत्त्वाचं. प्रिंटरसोबत येणारे बारीक चपटे स्कॅनर सीआयएसचे असतात, त्यांचा फोकस काचेपुरताच, दाण्याचा वरचा भाग फुटतो. जुने जाड, जड स्कॅनर सीसीडीचे, त्यात खोली बरी येते. चिन्नोर बारीक दाणा म्हणून कशातही जमून जातो, पोपटासारखा जाड दाणा सीआयएसवर नाही जमणार. झाकण काढून टाका अन् वरून आतून काळं कापड लावलेला खोका ठेवा. दाणे आधी चाळून घ्या, त्यात खडा राहिला तं काचेवर ओरखडा, म्हणून आम्ही काचेवर पारदर्शक ओएचपी शीट टाकतो. तीळ प्लॅस्टिकला चिकटून उभे राहतात, त्यांच्यासाठी शीट काढून काच हलक्या ओल्या कापडानं पुसून, वाळवून मग टाका.

बरबटीच्या डोळ्याचा देखणा फोटो यातून नाही येणार हे खरं आहे. पण मोजमापाची नोंद स्कॅनरवर अन् ओळखीचा फोटो कॅमेऱ्यावर अशी वाटणी केली तं कॅमेऱ्याचं काम निम्म्यानं कमी होते.

मेळघाट_पायथा (अमरावती जिल्हा)

मी किड्यांचे फोटो काढतो, मॅक्रो लेन्सवाला आहे, अन् नळी सांगणाऱ्या काळीमातीच्या भाऊंशी एका बाबतीत पटत नाही. नळीनं दाणा मोठा होते हे बरोबर, पण लेन्स दाण्याच्या अगदी डोक्यावर येऊन बसते. ५० मिमीवर नळी लावली की लेन्सच्या तोंडापासून दाणा फार जवळ राहते, मग तो ट्रेसिंग पेपरचा गोल, खाली उतरवलेला दिवा, पोलरायझर हे सगळं लावायला जागा कुठून आणणार? मॅक्रो लेन्समध्ये पण हेच पाहायचं. निकॉनचा ४० मिमी मायक्रो स्वस्त आहे पण १:१ ला त्याच्यासमोर तीन-साडेतीन सेंटिमीटरच उरतात, ९० चा टॅमरॉन घेतला तं दहाच्या आसपास. तेवढ्या अंतरानं उजेडाचं काम सोपं होऊन जाते. जमलं तं जुना ९० सेकंडहँड पाहा, ऑटोफोकस चालत नाही म्हणून जे लोक स्वस्तात विकतात तोच घ्या, तुम्हाला ऑटोफोकस लागतच नाही.

तेवढे पैसे नसतील तं दुसरा उपाय. घरात नाही तं ओळखीत कोणाकडे ५५-२०० लेन्स पडून असन. त्याच्यासमोर रेनॉक्सचा डीसीआर २५० (लेन्सच्या तोंडावर बसवायचं भिंग) लावा, ५२ ते ६७ मिमीच्या फिल्टरच्या खाचेवर चिमट्यानं बसते, निकॉनच्या ५५-२०० ला ५२ च आहे. ती ८ डायॉप्टरची काच, म्हंजे तिचं फोकल लेन्थ १२५ मिमी, २०० ला लावली की २०० भागिले १२५, दीडपटीच्या वर. अन् दाणा काचेपासून बारा सेंटिमीटरच्या आसपास दूर. ॲपर्चर, मीटर सगळं जसंच्या तसं चालते. तुमच्या १८-५५ वर मात्र तिचा तेवढा फायदा नाही.

आता फोकसची खोली, याच्यावर कोणीच बोललं नाही. १:१ ला एफ ८ वर फोकसमध्ये राहणारी जाडी साधारण ०.६ मिमी. दाणा ४ मिमीचा. ॲपर्चर एफ २२ ला नेऊन बंद केलं तं खोली वाढते पण सगळं चित्रच मऊ पडते, कारण एवढ्या जवळ एफ २२ हे एफ ४४ सारखं वागते. म्हणून एफ ८ च्या आसपास राहा अन् थर घ्या. दाण्याच्या माथ्यापासून सुरू करून थोडं थोडं खाली सरकत फोटो काढायचे अन् नंतर एकत्र जोडायचे, त्यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. ज्वारीचा दाणा वरून अर्धाच दिसते, म्हंजे २ मिमी, पाव-पाव मिमीनं उतरलं तरी आठ-दहा फोटोत काम होते. वेल्डिंगवाल्याकडून स्टँड बनवून राहिल्याच आहा तं कॅमेरा ज्या पट्टीवर बसणार ती एम ६ च्या लांब बोल्टवर सरकणारी करून घ्या. एम ६ च्या साध्या बोल्टचे आटे बरोबर एक मिमीचे असतात, पूर्ण फेरा म्हंजे १ मिमी, पाव फेरा म्हंजे पाव मिमी. एन्लार्जरच्या दात्यावर एवढं बारीक नाही जमत. जोडायला हेलिकॉन फोकस अन् झिरीन स्टॅकर चांगले पण पैसे लागतात, हगिनसोबत येणारी साधनं फुकट आहेत, थोडं शिकावं लागते.

काळीमाती_स्टुडिओ

अमरावतीचे भाऊ बरोबर बोलून राहिले, अंतराचा मुद्दा मला पण मान्य आहे. पण बजेट दहा हजार आहे अन् त्यात दिवे, स्टँड पण आले. माझं अजूनही म्हणणं हेच राहीन की ५५-२०० कोणाकडून वापरायला मिळत असन तं रेनॉक्स, नसन तं नळी. नळीवर जागा कमी पडली तं ३६ च्या ऐवजी २० ची लावा, दाणा थोडा बारीक येईन पण उजेडाला जागा होईन, अन् २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढं कापून घेता येते.

एक राहून गेलं. कॅमेरा काचेला बरोबर समांतर आहे का हे पाहायला छोटा आरसा दाण्याच्या जागी ठेवा अन् स्क्रीनमध्ये पाहा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मधात आलं म्हंजे समांतर. तिरपं राहिलं तं दहा-वीस दाण्यांच्या फोटोत एका कोपऱ्यातले दाणे फुटतात अन् माणूस लेन्सला नावं ठेवते.

बरबटीचा_वेल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. गटात वाचून दाखवलं. ठरलं असं की आधी दोन लॅम्प, सीआरआय पाहून बल्ब, ट्रेसिंग पेपर, ग्रे कार्ड अन् बोल्टवाला स्टँड. भावाच्या मित्राकडे ५५-२०० निघाला, तो पावसाळ्यापर्यंत वापरायला देतो म्हणाला, म्हणून रेनॉक्स घेऊन टाकतो. पोलरायझिंग शीट उरलेल्या पैशात. स्कॅनरसाठी सीएससी केंद्रवाल्याला विचारते, त्याच्याकडे एक जाड जुना पडला आहे असं ऐकलं.

शेवटचं एक विचारते. कॅमेरा अन् लेन्स बियाण्याच्या खोलीतच ठेवले तं चालेन का? ती खोली कोरडी आहे, कुलूप पण तिथंच आहे.

इरईकाठ

कुलूपासाठी ठेवा, पण उघड्यावर नाही. त्या खोलीत राख आहे, कडुनिंबाचा पाला आहे, तुसाची धूळ आहे, ती धूळ लेन्सच्या फिरणाऱ्या रिंगेत जाऊन बसते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून कोरडी करून घ्यायची, हे काम मात्र दुसऱ्या भांड्यात, खाण्याच्या नाही. पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते ती दमटपणानं अन् अंधारानं, म्हणून आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरात ठेवा. अन् मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डबा ठेवू नका, आमच्या चंद्रपुराकडे पारा ४५ च्या वर जाते, पत्र्याखाली अजून जास्त, तेवढ्या उन्हात लेन्सच्या आतलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर येऊ शकते. कौलाच्या खोलीतली, भिंतीकडची खालची फळी बघा, तिथं ठेवा.

पहिल्या दाण्यांचे फोटो निघाले की इथं टाकजा ताई. सोबत ॲपर्चर, शटर, दिव्यांचं अंतर लिहा, म्हंजे काय बदलायचं ते पाहून सांगता येईन.